गणवेश, दालन आणि वगळलेले युद्ध : कॅप्टन रेग सॉन्डर्स यांच्या वाटचालीचे संग्रहालयीन वाचन

प्रस्तावना

कॅनबेरा येथील ‘ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियल’ ही संस्था नेमकी काय आहे, हे मराठीत एका शब्दात सांगता येत नाही. ती युद्धात मृत्यू पावलेल्यांचे स्मारक आहे, युद्धवस्तूंचे संग्रहालय आहे आणि लष्करी कागदपत्रांचे अभिलेखागारही आहे. स्मारकाचे काम आदरांजली वाहण्याचे, तर संग्रहालयाचे काम पुरावे मांडण्याचे. स्मारकापुढे माणूस मान खाली घालतो. संग्रहालयात त्याने मान वर करून पाहावे, तुलना करावी, शंका घ्यावी अशी अपेक्षा असते. ही दोन्ही कामे एकाच छपराखाली चालतात तेव्हा कोणते काम कोणावर कुरघोडी करते, हा प्रश्न संग्रहालयशास्त्राचा आहे, तितकाच तो इतिहासलेखनाचा आणि समाजशास्त्राचाही आहे.

या प्रश्नाचा विचार एका माणसाच्या वाटचालीच्या आधारे करता येतो. रेजिनाल्ड वॉल्टर ऊर्फ रेग सॉन्डर्स (१९२०–१९९०) हे ऑस्ट्रेलियन सैन्यात अधिकारपदाची सनद मिळवणारे पहिले आदिवासी. १९४० मध्ये ते साधे सैनिक म्हणून भरती झाले, १९४४ मध्ये लेफ्टनंट झाले, १९८५ मध्ये वॉर मेमोरियलच्या नियामक परिषदेचे सदस्य झाले. आणि मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, २०१५ मध्ये, त्याच संस्थेतील एका दालनाला व त्यालगतच्या अंगणाला त्यांचे नाव देण्यात आले. बराकीपासून परिषदेच्या खुर्चीपर्यंत आणि तेथून भिंतीवरच्या नावापर्यंतचा हा प्रवास साधारणपणे ‘बहिष्काराकडून समतेकडे’ अशा शीर्षकाखाली सांगितला जातो. या शीर्षकात काय मावते आणि काय मावत नाही, याची तपासणी प्रस्तुत लेखात केली आहे.

येथे एका शब्दाविषयी खुलासा आवश्यक आहे. ‘आदिवासी’ हा शब्द या लेखात ऑस्ट्रेलियातील ॲबोरिजिनल समाजांसाठी वापरला आहे. मराठी वाचकाच्या मनात या शब्दासरशी डोंगर, जंगल आणि अनुसूचित जमातींची यादी उभी राहते. ऑस्ट्रेलियात मात्र तो संपूर्ण खंडभर पसरलेल्या, स्वतःची भाषा, भूमी आणि कायदा असलेल्या शेकडो समाजांना एकत्रितपणे लावला जातो. टॉरेस सामुद्रधुनीतील बेटवासी हा त्यांहून वेगळा समाज आहे. सॉन्डर्स हे आग्नेय ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या नैर्ऋत्य भागातील गुंडिचमारा समाजाचे होते. ही ओळख पुढील विवेचनात कळीची ठरते.

कायदा बंद, दार किलकिले

सॉन्डर्स यांचा जन्म ७ ऑगस्ट १९२० रोजी फ्रॅमलिंगहॅम या आदिवासी वसाहतीच्या परिसरात झाला. लहानपणीच आईचे निधन झाल्यावर कॉन्डा सरोवराकाठच्या वस्तीत आजीने त्यांना वाढवले. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि लाकडाच्या गिरणीतले काम सुरू झाले. घरात सैनिकी सेवेची आठवण मात्र ताजी होती. वडील ख्रिस सॉन्डर्स पहिल्या महायुद्धात लढून आले होते. ज्यांच्यावरून मुलाचे ‘रेजिनाल्ड’ हे नाव ठेवले गेले, ते आप्त विल्यम रेजिनाल्ड रॉलिंग्ज मिलिटरी मेडलचे मानकरी होते आणि ऑगस्ट १९१८ मध्ये फ्रान्समध्ये धारातीर्थी पडले होते.

या दोघांनी ज्या सैन्यात सेवा केली त्याचे नियम त्यांना दूर ठेवण्यासाठीच लिहिलेले होते. १९०९ च्या संरक्षणविषयक कायद्याने मुख्यतः युरोपीय वंशाच्या नसलेल्या व्यक्तींना सक्तीच्या लष्करी सेवेतून वगळले आणि त्याच धोरणाच्या आधारे भरती अधिकारी आदिवासी स्वयंसेवकांनाही परत पाठवत. १९१७ मध्ये माणसे कमी पडू लागली, तेव्हा आईवडिलांपैकी एक युरोपीय असल्यास भरती करण्याची मुभा देण्यात आली. पहिल्या महायुद्धात हजाराहून अधिक आदिवासी सैन्यात होते, त्यांतील काही या फटीतून शिरलेले. दुसऱ्या महायुद्धात हाच क्रम पुन्हा दिसतो. १९४० मध्ये लष्करी मंडळाने आदिवासींच्या भरतीची गरज नाही आणि ती इष्टही नाही अशी भूमिका घेतली. जपान युद्धात उतरल्यावर ती सैल झाली. सुमारे ३,००० आदिवासी आणि ८५० टॉरेस सामुद्रधुनी बेटवासी हा दुसऱ्या महायुद्धातील सहभागाचा आकडा दीर्घकाळ दिला जात असे. भरतीच्या अर्जात वंशाची पद्धतशीर नोंद नसल्याने पुढील संशोधनात तो वाढत गेला. राज्यसंस्थेला गरज भासली की दार किलकिले होते आणि गरज सरली की लोटले जाते, हा या इतिहासातला स्थायी नियम आहे.

सॉन्डर्स एप्रिल १९४० मध्ये भरती झाले. २/७ व्या बटालियनबरोबर ते उत्तर आफ्रिका, ग्रीस आणि क्रीट येथे होते. मे १९४१ अखेर क्रीट जर्मनांच्या हाती पडल्यावर ते जवळजवळ वर्षभर बेटावर लपून राहिले. स्थानिक ग्रामस्थांनी त्यांना आसरा दिला. मे १९४२ मध्ये सुटका झाल्यावर ते पुन्हा आपल्या बटालियनमध्ये दाखल झाले आणि न्यू गिनीत लढले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये धाकटा भाऊ हॅरी न्यू गिनीतील गोना येथे मारला गेला. नोव्हेंबर १९४४ मध्ये सॉन्डर्स यांना लेफ्टनंटपदाची सनद मिळाली. युद्ध संपल्यावर जपानमध्ये पाठवल्या जाणाऱ्या ताबा-सैन्यात जाण्याची त्यांची इच्छा होती. परंतु त्या सैन्यात आदिवासींना प्रवेश नव्हता. ज्या अधिकाऱ्याच्या हुकमाखाली गोरे सैनिक लढले होते, त्याच अधिकाऱ्याला शांततेच्या काळात वंशाच्या कारणाने नाकारले गेले. कोरियाचे युद्ध सुरू झाल्यावर त्यांची पुन्हा गरज पडली. एप्रिल १९५१ मधील काप्योंगच्या लढाईत रॉयल ऑस्ट्रेलियन रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनमधील ‘सी’ कंपनीचे नेतृत्व कॅप्टन सॉन्डर्स करीत होते. या बटालियनला पुढे अमेरिकन राष्ट्राध्यक्षांचे सन्मानपत्र मिळाले. (ती ज्या ब्रिगेडचा भाग होती तिच्याबरोबर लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखालील भारतीय ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक काम करीत होते. भारतीय वाचकाला काप्योंग हे नाव अगदीच परके वाटू नये.) १९५४ मध्ये सॉन्डर्स यांनी सैन्य सोडले.

नागरिकत्वाच्या बाबतीतही गणवेश हाच परवाना होता. १९४९ च्या निवडणूक कायद्याने संघराज्याच्या निवडणुकीत मताचा अधिकार ज्या आदिवासींना दिला, त्यांत सैन्यात सेवा केलेल्यांचा स्वतंत्र उल्लेख होता. सर्व आदिवासींना हा अधिकार १९६२ मध्ये मिळाला. म्हणजे मधल्या तेरा वर्षांत अनेक ठिकाणी सैनिक मुलगा मतदार आणि त्याची आई मताधिकारापासून वंचित, अशी स्थिती कायद्यानेच शक्य केली होती.

दोन शीर्षके

सॉन्डर्स यांचे पहिले चरित्र १९६२ मध्येच प्रसिद्ध झाले. लेखक हॅरी गॉर्डन हे पत्रकार. तरुणपणी त्यांनी कोरियाच्या युद्धाचे वार्तांकन केले होते. ग्रंथाचे शीर्षक ‘द एम्बॅरसिंग ऑस्ट्रेलियन’ असे आहे. मराठीत ‘अवघडून टाकणारा ऑस्ट्रेलियन’ असे ते सांगता येईल. हे शीर्षक धाडसी आहे हे मान्य करावे लागते. आदिवासींची अद्याप राष्ट्रीय जनगणनेतही गणना होत नव्हती, त्या काळात एका गोऱ्या पत्रकाराने अवघडलेपणाचे मूळ चरित्रनायकात नसून त्याच्याकडे पाहणाऱ्या देशात आहे असे सूचित करावे, याला महत्त्व आहे. मात्र उपशीर्षकात हे धाडस ढिले पडते. तेथे सॉन्डर्स यांचा उल्लेख ‘सोल्जर’ असा न येता ‘ॲबोरिजिनल वॉरियर’ असा येतो. सैनिक हा राज्याचा असतो. तो हुकूम पाळतो, वेतन घेतो, निवृत्तीनंतर हक्क मागतो. योद्धा हा टोळीचा, रक्ताचा, निसर्गदत्त शौर्याचा. ज्या माणसाने अधिकारी प्रशिक्षण पूर्ण करून सनद मिळवली, त्याच्या कर्तृत्वाचे श्रेय या एका शब्दाने नकळत त्याच्या वंशाच्या खात्यावर जमा होते.

२०१५ मध्ये ह्यू डोलन आणि एड्रियन थ्रेलफॉल यांचे सॉन्डर्स यांच्यावरील चित्रकथारूप पुस्तक आले. त्याच्या शीर्षकात ते ‘वॉर हीरो’ आहेत. त्रेपन्न वर्षांत अवघडून टाकणारा माणूस वीरनायक झाला. हा बदल स्वागतार्ह वाटला तरी त्यात काही हरवलेही आहे. ‘अवघडलेपणा’ या शब्दात देशाकडे रोखलेले एक बोट होते. ‘वीर’ या शब्दात ते बोट खाली येते. वीरनायकाचा गौरव करताना त्याला नाकारणाऱ्यांना काही विचारण्याची गरज उरत नाही.

या दोन पुस्तकांच्या मध्ये रॉबर्ट हॉल यांचा ‘द ब्लॅक डिगर्स’ (१९८९) हा ग्रंथ येतो. त्यात दुसऱ्या महायुद्धातील आदिवासी व बेटवासी सहभागाचा समूह म्हणून विचार आहे. सॉन्डर्स हे एकमेव अपवाद नव्हते, तर एका मोठ्या आणि धोरणपूर्वक झाकलेल्या घटिताचा दृश्य भाग होते, हे या प्रकारच्या संशोधनामुळे प्रस्थापित झाले. संग्रहालयाने मात्र समूहापेक्षा व्यक्तीची निवड केली.

एकाच अंगणातील दोन नोंदी

१९६७ च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी आदिवासींविषयीच्या घटनादुरुस्तीला संमती दिली. त्यानंतर केंद्र सरकारने स्थापन केलेल्या आदिवासी व्यवहार कार्यालयात सॉन्डर्स १९६९ मध्ये संपर्क अधिकारी म्हणून रुजू झाले. १९७१ मध्ये त्यांना एम. बी. ई. हा सन्मान मिळाला आणि १९८५ मध्ये वॉर मेमोरियलच्या परिषदेवर त्यांची नियुक्ती झाली. परिषदेच्या बैठकांसाठी ते ज्या वास्तूत जात असत, ती वास्तू स्वतःच आदिवासींविषयी काही बोलत होती. म्हणून तिचे वाचन करणे क्रमप्राप्त आहे.

ही इमारत ११ नोव्हेंबर १९४१ रोजी खुली झाली. त्या वेळी सॉन्डर्स क्रीटच्या डोंगरांत लपलेले होते. इमारतीच्या मध्यभागी स्मृती-अंगण आहे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या ओवऱ्यांत कांस्यफलकांवर एक लाखाहून अधिक मृत सैनिकांची नावे कोरलेली आहेत. या नामावलीचे वैशिष्ट्य असे, की तिच्यात हुद्दा नाही, पदके नाहीत. तुकडीवार आणि वर्णानुक्रमे केवळ नावे. जनरल आणि शिपाई, गोरा आणि काळा असा कोणताही भेद तेथे वाचता येत नाही. गोना येथे पडलेला हॅरी सॉन्डर्स या नामावलीत आहे, १९१८ मध्ये पडलेले रॉलिंग्जही आहेत. मृत्यूतील समतेचे याहून संयत रूप दाखवणे कठीण आहे.

त्याच अंगणाच्या भिंतींवर ऑस्ट्रेलियातील प्राण्यांची दगडी शिल्पे बसवलेली आहेत. कांगारू, कोआला आणि इतर प्राणी व पक्षी यांच्या रांगेत एका आदिवासी पुरुषाचे आणि एका आदिवासी स्त्रीचे शिर आहे. गोऱ्या माणसाचे शिर नाही. १९४१ च्या ऑस्ट्रेलियाला यात काही वावगे वाटले नाही, कारण आदिवासी हा भूमीच्या नैसर्गिक संपत्तीचा एक नमुना आहे ही समजूत त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत, संग्रहालयांत आणि कायद्यातही मुरलेली होती. परिणामी एकाच अंगणात एका समाजाच्या दोन नोंदी आहेत. फलकावर तो नागरिक-सैनिक आहे, पण त्याचा वंश अदृश्य आहे. भिंतीवर त्याचा वंश दृश्य आहे, पण तो नागरिक नाही, माणूस म्हणूनही धड नाही. वंश आणि नागरिकत्व एकाच चेहऱ्यात एकत्र दिसतील अशी जागा मूळ वास्तूत नव्हती.

ही जागा संस्थेच्या छायाचित्र संग्रहाने भरून काढली. नोव्हेंबर १९४४ मध्ये व्हिक्टोरियातील सेमूर येथे अधिकारी प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर सॉन्डर्स आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी टॉम डेरिक परस्परांचे अभिनंदन करीत आहेत, असे एक छायाचित्र या संग्रहात आहे. आदिवासी सैनिकांविषयीच्या लेखनात ते वारंवार वापरले जाते. दोन नवे लेफ्टनंट, सारखाच गणवेश, बरोबरीचे हस्तांदोलन. संग्रहालयाला हवी असलेली संपूर्ण कथा या एका चौकटीत बसते, आणि नेमक्या याच कारणाने तिच्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे. डेरिक मे १९४५ मध्ये ताराकान येथे जखमी होऊन मरण पावले. सॉन्डर्स जगले आणि त्यांना ताबा-सैन्यात नाकारले गेले. छायाचित्र हस्तांदोलनापाशी थांबते. नकाराचे छायाचित्र कोणी काढीत नाही. दालनाच्या मांडणीने छायाचित्राशेजारी कागदपत्रे ठेवून ही उणीव भरून काढायची असते.

चौकटीबाहेरची भूमी

सॉन्डर्स यांच्या चरित्रात कॉन्डा सरोवर हे बालपणाचे ठिकाण म्हणून एका वाक्यात येऊन जाते. ते एका वाक्यात उरकण्यासारखे नाही. ज्वालामुखीच्या लाव्हारसाने बनलेल्या या खडकाळ प्रदेशात गुंडिचमारा समाजाने हजारो वर्षांपूर्वी दगडी बांध व चर तयार करून ईल माशांची पैदास करण्याची व्यवस्था उभारली. ‘बज बिम सांस्कृतिक भूदृश्य’ या नावाने २०१९ मध्ये तिचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. याच खडकाळ प्रदेशाचा आश्रय घेऊन १८४० च्या दशकात गुंडिचमारा लोकांनी मेंढपाळ वसाहतवाल्यांशी दीर्घ लढा दिला. इतिहासात तो युमेराला युद्ध म्हणून ओळखला जातो. म्हणजे ज्या भूमीवर सॉन्डर्स वाढले ती स्वतःच एक रणभूमी होती, आणि ज्यांनी तेथे शस्त्र धरले ते त्यांच्याच समाजाचे पूर्वज होते.

वॉर मेमोरियलने हे युद्ध आपल्या कक्षेबाहेरचे मानले. १९७९ मध्ये इतिहासकार जेफ्री ब्लेनी यांनी सरहद्दीवरील संघर्षाला येथे स्थान मिळावे असे सुचवले होते. हेन्री रेनॉल्ड्स यांनी १९८१ पासूनच्या लेखनात आणि के. एस. इंग्लिस यांनी ‘सेक्रेड प्लेसेस’ (१९९८) या ग्रंथाच्या निमित्ताने हाच आग्रह धरला. संस्थेचे उत्तर ठरलेले असे : आपला कायदा ऑस्ट्रेलियन सैन्यदलांच्या सेवेचे स्मरण करण्यास सांगतो; सरहद्दीवरचा संघर्ष अशा दलांनी लढलेला नाही; त्याचे योग्य स्थान राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

हा युक्तिवाद वरवर कायदेशीर असला तरी आतून डळमळीत आहे. सुदानमधील १८८५ ची मोहीम आणि बोअर युद्ध या संघराज्यपूर्व वसाहतींच्या मोहिमांना येथे स्थान आहे, तेव्हा अडचण काळाची नाही. दलांविषयीचा मुद्दा अधिक विचार करण्याजोगा आहे. १८४२ मध्ये पोर्ट फिलिप जिल्ह्यात सरकारने नेटिव्ह पोलीस दल उभारले आणि पोर्टलंड परिसरात गुंडिचमारांविरुद्ध ते वापरले. या दलातील शिपाई आदिवासी होते, अधिकारी गोरे. ते सैन्य नव्हते, पोलीस होते, असे म्हणता येईल. पण सरकारी गणवेशातील घोडेस्वार आदिवासी व्हिक्टोरियाच्या भूमीवर प्रथम १९४० मध्ये अवतरला नाही, हे त्यावरून स्पष्ट होते. गणवेश हा समतेचा सरळ जिना आहे ही दालनातील कथा या वस्तुस्थितीपुढे टिकत नाही. एकाच शतकात गणवेशाने गुंडिचमारांवर हल्ला केला आणि गुंडिचमारांना सन्मानही दिला.

जमिनीचा हिशेबही येथेच मांडावा लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर कॉन्डा मिशनची जमीन माजी सैनिकांच्या पुनर्वसन योजनेत वाटण्यात आली. ती गोऱ्या माजी सैनिकांना मिळाली. त्याच मातीतून युद्धाला गेलेल्या गुंडिचमारा सैनिकांना मिळाली नाही. या समाजातील लव्हेट घराण्याचे पाच भाऊ पहिल्या महायुद्धात लढले होते आणि त्यांपैकी चौघे दुसऱ्या महायुद्धातही सेवेत होते, ही बाब लक्षात घेतली म्हणजे या वाटपाचा अर्थ उलगडतो. गणवेशाने मताचा अधिकार दिला, पदक दिले, पुढे दालनाला नावही दिले. भूमी दिली नाही. आणि आदिवासींच्या मागणीच्या केंद्रस्थानी प्रथमपासून भूमीच होती.

मांडणीतील बदल

गेल्या काही वर्षांत संस्था बदलली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१६ मध्ये ‘फॉर कंट्री, फॉर नेशन’ हे आदिवासी व बेटवासी सैनिकांवरील प्रदर्शन भरवण्यात आले. ‘कंट्री’ म्हणजे पूर्वजांची भूमी आणि ‘नेशन’ म्हणजे आधुनिक राष्ट्र, अशी दुहेरी निष्ठा त्याच्या नावातच मान्य केली आहे. आदिवासी संपर्क अधिकाऱ्याचे पद निर्माण होऊन भरतीपत्रांतून आदिवासी सैनिकांची ओळख पटवण्याचे काम नेटाने चालले. सैन्यातून बाहेर पडलेले आदिवासी या संस्थेत सल्लागार म्हणून, संशोधक म्हणून आले, ही सॉन्डर्स यांच्या नियुक्तीची खरी फलश्रुती मानता येईल. परिषदेतील एका खुर्चीपेक्षा नोंदपत्रक लिहिणारा हात अधिक दूरवर परिणाम करतो, कारण पुढचा अभ्यासक त्या नोंदीवरूनच प्रश्न विचारतो.

२०१९ मध्ये शिल्पोद्यानात ‘फॉर अवर कंट्री’ हे शिल्प उभे राहिले. आदिवासी चित्रकार डॅनियल बॉइड आणि ‘एडिशन ऑफिस’ हे वास्तुरचनाकार यांची ही निर्मिती. वर्तुळाकार भिंगांनी भरलेली आरशाची भिंत, अग्निकुंड आणि विविध समाजांच्या भूमीतून आणलेली माती ठेवण्यासाठी केलेली जागा असे त्याचे स्वरूप आहे. पाहणाऱ्याला आरशात स्वतःचे तुटक प्रतिबिंब दिसते. कोणत्याही एका वीराचा चेहरा येथे नाही. कलादृष्ट्या हे शिल्प सॉन्डर्स दालनापेक्षा पुढे गेलेले आहे, कारण ते व्यक्तीऐवजी समूहाचा आणि पराक्रमाऐवजी मातीचा विचार करते. मात्र ते इमारतीबाहेर, उद्यानात आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष ब्रेंडन नेल्सन यांनी पुनर्बांधणीनंतरच्या दालनांत आदिवासींवरील सरहद्द-हिंसेचे अधिक व्यापक आणि सखोल चित्रण केले जाईल असे जाहीर केले. संस्थेचे संचालक असताना हा विषय राष्ट्रीय संग्रहालयाचा आहे असे सांगणारे नेल्सन हेच होते. घोषणेवर माजी सैनिकांच्या काही गटांतून टीकाही झाली. तीत वापरलेला ‘हिंसा’ हा शब्द दुर्लक्षिण्यासारखा नाही. हिंसेला बळी असतात. युद्धाला दोन पक्ष असतात, नेतृत्व असते, डावपेच असतात. युमेरालाच्या खडकांतून लढलेल्यांना बळी म्हणून दाखवायचे की लढणारे म्हणून, हे या शब्दनिवडीवर अवलंबून राहील.

सॉन्डर्स यांचा मृत्यू २ मार्च १९९० रोजी सिडनी येथे झाला आणि त्यांची रक्षा कॉन्डा सरोवरात विसर्जित करण्यात आली. त्यांच्या नावाच्या दालनात या सरोवराचा एखादा नकाशा लावला गेला, त्यावर ईल माशांचे बांध, १८४० च्या दशकातील चकमकींची ठिकाणे आणि युद्धोत्तर काळात वाटलेल्या शेतजमिनींच्या सीमा एकत्र दाखवल्या गेल्या, तर १९४४ चे ते हस्तांदोलन त्याच्याशेजारी ठेवून पाहता येईल.